चोविसावी झेंडी

१

पाणथळ जागा नेमकी कुठे संपते आणि कोरडी जमीन कुठे सुरू होते, हे ठरवणं एवढंच नेलिदा बारिआचं काम होतं. चिलोए बेटावर घरामागचं पाणी काढून द्यायला कुणाला चर खणायचा असला, की नगरपालिका आधी हा काठ आखून मागायची. ओळखीचे लोक नेलिदाचा नंबर द्यायचे. मग ती आपल्या जुन्या गाडीत लांब दांड्याचं गिरमिट, नारिंगी झेंड्यांचा जुडगा आणि गमबूट टाकून निघायची. एकवीस वर्षं हेच चाललं होतं.

कामाची रीत सोपी होती. दर काही पावलांवर गिरमिट टेकायचं, अंग टाकून फिरवायचं, वर ओढायचं आणि निघालेली माती तळहातावर फोडायची. माती तपकिरी आणि भुसभुशीत निघाली तर जमीन कोरडी. राखाडी, मध्ये गंजाचे डाग आणि कुजक्या अंड्याचा वास, तर पाणथळ. एकाची दुसरी होते तिथे तारेची झेंडी रोवायची आणि शाईच्या पेनाने तिच्यावर आकडा घालायचा. नेलिदाच्या चारला वरून तोंड उघडं असायचं आणि खाली शेपूट लांब. मासे धरायचा गळ काढल्यासारखा दिसतो, असं तिचा नवरा म्हणायचा.

त्या डिसेंबरात, तिथला उन्हाळा लागताना, तिला तारावेको गावाहून बोलावणं आलं. रोसामेल चिग्वाय हा होड्या बांधणारा म्हातारा सुतार, वय चौऱ्याहत्तर. त्याची बायको ओतिलिया. चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बांधलेलं लाकडी घर गुडघाभर उंच ओंडक्यांवर उभं होतं. मागे गवत, गवतापुढे लव्हाळं, लव्हाळ्यापुढे शेवाळाची दलदल आणि दलदलीच्या पोटात पिचुको नावाचा ओढा. तीन हिवाळे झाले, पाणी अंगणात येऊन बसायला लागलं होतं आणि ओतिलियाच्या छातीत घरघर सुरू झाली होती.

"सरळ रेघ मार की, पोरी," तिच्या मागून चालत रोसामेल म्हणाला. "तू तर चुकलेल्या मेंढीसारखी फिरतेयस."

"पाणी सरळ चालत असतं तर मला कुणी बोलावलंच नसतं, काका."

"होडीचं बरं. पाणी कुठे सुरू होतं ते होडीला विचारावं लागत नाही."

काठापासून घरापर्यंत पंधरा मीटर सुटले, तर त्या जागेतून पाइप घालता येणार होता. नगरपालिकेची अट तेवढीच होती. दुपारपर्यंत बावीस झेंड्या झाल्या आणि जागा सुटत होती. मग लाकडाच्या खोपटाजवळ गिरमिटातून निघालेली माती तिच्या तळहातावर नुसती पडून राहिली. ना धड तपकिरी, ना धड राखाडी. झेंडी इथे रोवली तर पाइपाला जागा उरत नव्हती.

भिंतीपलीकडे ओतिलिया खोकत होती. खोकला थांबेल म्हणून नेलिदा उभी राहिली. तो थांबला नाही. तेव्हा तिनं तळहात पँटला पुसला, दलदलीच्या दिशेनं चार पावलं खाली उतरली आणि तेविसावी झेंडी तिथे रोवली. संशयाचा फायदा कुणाला तरी द्यायचाच असतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग आत जाऊन लोखंडी चुलीजवळ बसून तिनं बटाट्याचे दोन मिल्काओ खाल्ले. ते चांगले झाले होते.

२

तीन दिवसांनी ती झेंड्यांची मापं यंत्रावर घ्यायला आली. एक ते तेवीस झाल्या. यंत्र मिटताना तिला खोपटाजवळ आणखी एक नारिंगी ठिपका दिसला.

ती जवळ गेली. तीच जागा होती. तिनं सोडून दिलेली.

झेंडी तिच्याकडच्या जातीचीच होती, तेवढीच लांब तार, तोच कापल्यासारखा चौकोन. पण तार गंजून खडबडीत झाली होती, प्लास्टिक उन्हानं विटून वाळक्या संत्र्याच्या सालीसारखं झालं होतं, आणि बुडाशी बोटाच्या पेराएवढं शेवाळ चढलं होतं. वर आकडा होता, चोवीस. पुसट, पण वाचता येत होता. चारचं तोंड उघडं होतं आणि शेपूट लांब.

नेलिदानं रोसामेलला हाक मारली.

"ही तुम्ही रोवलीत, काका?"

त्यानं वाकून पाहिलं. "मी कशाला रोवीन? घराकडे झेंडी आणून माझाच पाइप बंद करू?"

"आधी कुणी मोजणीला आलं होतं का? पाच-दहा वर्षांपूर्वी?"

"चाळीस वर्षांत इथे पाद्री आला आणि बटाट्यांवरचा रोग बघणारा माणूस आला. दोघेही जेवून गेले. झेंडी कुणी लावली नाही."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं, म्हणून नेलिदाला ते आवडलं नाही. तिनं दुसरी उत्तरं शोधली. आपल्याच जुडग्यात एखादी जुनी झेंडी राहिली असेल. आपणच ती रोवली असेल आणि मनाला लागलं म्हणून विसरलो असू. पण शेवाळाचं काय करायचं? तीन दिवसांत शेवाळ पेराएवढं चढत नाही.

शेवटी तिनं गिरमिट आणलं. वर आलेली माती यावेळी संशयाची नव्हती. राखाडी होती, ओली, गंजाच्या रेषा असलेली, आणि वास नाकात बसणारा. झेंडी बरोबर होती. वहीत तिनं चोवीस लिहिलं आणि शेजारी माप टाकलं. गणित तपासून कुणी लाल खूण करून परत द्यावं तसं तिला झालं. खजील वाटलं, आणि थोडं हलकंही.

परतताना गाडी चढावर आली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्याला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी ती एकच गोष्ट घोळवत होती. ज्यानं कुणी हे केलं, त्याला काम येत होतं.

३

पुढच्या गुरुवारी ती वाईट बातमी द्यायला गेली. चोविसावी धरली तर मागून पाइप जात नव्हता. पुढच्या बाजूनं काही जमतं का, ते बघायचं होतं. रोसामेल समुद्रावर गेला होता. ओतिलिया चुलीपाशी लोकर कातत बसली होती.

"काल चहाला थांबली नाहीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात रुसवा होता.

"काल मी आले नव्हते, काकू. काल मी कास्त्रोला होते."

"असं कसं. सकाळभर होतीस की मागे. मी खिडकीतून हात केला. तू पाठमोरी, वाकलेली. मला वाटलं कामात आहेस." तिनं धागा ओढला. "परवाही हात केला होता. तेव्हाही बघितलं नाहीस."

"कशी दिसत होते मी?"

"कशी म्हणजे? ही टोपी. हे बूट. जरा कमरेतून वाकलीयस आताशा, तेवढं सांगते हो. पाठ जप."

नेलिदा खिडकीशी गेली. बाहेर लव्हाळं एका बाजूला झुकून परत उभं राहत होतं. वारा होता. बाकी कुणी नव्हतं.

ती परत बसली, तेव्हा तिला तो आवाज आला. पायाखालून, फळ्यांच्या खालून. घर्र, घर्र, मग थांबणं. मग चिखलातून काहीतरी उपसताना होणारा ओला चुळुक. मग दोन ठोके. एकवीस वर्षं रोज शंभर वेळा ऐकलेला आवाज तिला ओळखता आला नसता तर नवल होतं. गिरमिट फिरत होतं, वर येत होतं, आणि पात्यातली माती झटकली जात होती.

"हे कधीपासून?" तिनं विचारलं.

"पानं झडत होती तेव्हापासून," ओतिलिया म्हणाली. "आधी न्हाणीखाली होता. मग कोठीखाली. आठ दिवस झाले, चुलीखाली आलाय. रोसामेलला ऐकू कमी येतं, त्याला सांगून काय करू." तिनं नेलिदाकडे पाहिलं. "मला वाटलं, तुमचं काम असंच आधीपासून सुरू होतं. म्हणून तर मी तुझ्यासाठी रोज किटली ठेवते."

पानं एप्रिलात, हिवाळ्याआधी, झडली होती. रोसामेलनं नेलिदाला फोन केला तो डिसेंबरात.

४

जानेवारीच्या मध्यावर युलिसेसचा फोन आला. युलिसेस खोदकामाचं मशीन चालवायचा, धिप्पाड होता आणि बोलायचा कमी.

"तुमची एक वस्तू सापडलीय, बाई. येऊन बघा. मी मशीन बंद केलंय."

रोसामेलनं तिला न सांगता घराच्या पुढच्या कोपऱ्यातून चर खणायला घेतला होता. पंधरा मीटर राखून, अगदी नियमात. छातीभर खोल गेल्यावर युलिसेस थांबला होता. चराची भिंत सुरीनं कापल्यासारखी उभी होती आणि तिच्यात कुजलेल्या शेवाळाचे थर एकावर एक दिसत होते, जुन्या वहीच्या पानांसारखे. कमरेच्या उंचीवर त्या पानांमधून एक तार आडवी बाहेर आली होती. टोकाला विटका चौकोन. एकतीस.

"वरून खड्डा करून टाकली असेल कुणी," नेलिदा म्हणाली. आपण हे का म्हणतोय ते तिला कळत होतं.

"वर बघा. थर कुठे तुटलाय?" युलिसेसनं बोट फिरवलं. "बारा वर्षं मी माती उपसतोय. खाली पुरलेलं काय आणि त्या मातीबरोबर तिथे बसलेलं काय, एवढं मला कळतं. ही कुणी पुरलेली नाही."

"मग?"

"मग मला माहीत नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

चोवीस आणि एकतीस यांच्यामध्ये सहा राहिल्या होत्या. नेलिदा खोपटाजवळून निघाली. तिला त्या शोधाव्या लागल्या नाहीत. जमिनीचा उतार बघून तिनं जिथे गिरमिट टेकलं असतं, तिथे गवत बाजूला केलं की झेंडी होती. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. प्रत्येक आधीच्या झेंडीपेक्षा जुनी. अठ्ठाविसाव्या झेंडीची तार हातात मोडली. तिसावी घराच्या ओंडक्याला चिकटून होती, आणि तिचा आकडा तिनं बोटांनी चाचपून वाचला. सहा ठिकाणी तिनं माती काढली. सहाही ठिकाणी ती राखाडी निघाली. डिसेंबरातल्या वहीत त्यातल्या तीन जागांपुढे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: तपकिरी, कोरडी.

रोसामेल चराच्या काठावर उभा होता. चरात पाणी उतरायला लागलं होतं. दलदलीकडून नव्हे, घराखालून.

"खणून टाक, युलिसेस," तो म्हणाला. "ओढ्यापर्यंत ने. पाणी जाईल तिकडे जाईल."

"जाईल, काका," नेलिदा म्हणाली. "एका हिवाळ्यात सगळं जाईल. ही दलदल पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात थेंबाथेंबानं सोडते. खालच्या बारा घरांच्या विहिरी फेब्रुवारीत त्यावर चालतात. तुमच्या बहिणीची त्यातलीच एक."

"आणि माझ्या बायकोची छाती कशावर चालते?"

युलिसेसनं किल्ली खिशात घातली आणि तो गाडीत जाऊन बसला.

५

"आत ये," ओतिलिया दारातून म्हणाली. "आवाज आता कोठीखाली आहे."

दुपारचा एक वाजला होता. स्वयंपाकघरात स्वच्छ उजेड होता, खिडकीत फुलझाडाचे डबे होते, चुलीवर मटणाचं कालवण शिजत होतं. दोघींनी मिळून कोठीतली बटाट्यांची पोती सरकवली. खाली फळ्यांमध्ये चौकोनी झडप होती, पाइप दुरुस्तीसाठी रोसामेलनं ठेवलेली. नेलिदा पालथी झोपली आणि झडप उचलून तिनं डोकं आणि विजेरी खाली घातली.

तिला वाटलं होतं धूळ असेल, कोळिष्टकं असतील, ओंडक्यांच्या रांगा असतील. ओंडके होते. त्यांच्यामध्ये दोन बोटं खोल, काचेसारखं पाणी होतं, आणि पाण्याखाली शेवाळ. हिरवंगार, गुबगुबीत, जिथे चाळीस वर्षांत उन्हाची तिरीप पोचली नव्हती तिथे.

घर्र. घर्र. मग थांबणं.

आवाज उजवीकडून येत होता, चुलीच्या बाजूनं. नेलिदानं विजेरी वळवली. प्रकाशाच्या कडेला ओंडक्यामागून एक हात आला. ओली बाही, चिखलानं काळी झालेली बोटं, चिमटीत तार. त्या हातानं घाई केली नाही. तार शेवाळात टोचली, दोनदा दाबली, सरळ आहे का ते बघायला क्षणभर थांबला आणि मागे गेला. झेंडी कोरी करकरीत होती, आजच जुडग्यातून काढल्यासारखी. शाई अजून चमकत होती.

स्वतःचा आवाज टेपवर ऐकला की ओळखीचा असूनही परका वाटतो. त्या हाताकडे पाहून नेलिदाला तसंच झालं. तो म्हातारा हात होता. सांधे सुजलेले होते.

घर गुडघाभर उंचीवर होतं. त्याच्याखाली कुणी उभं राहून गिरमिट फिरवणं शक्य नव्हतं. हे तिला नंतर सुचलं.

"काय दिसलं?" वरून ओतिलियानं विचारलं.

नेलिदा उठून बसली. तिच्या केसांतून कोठीतल्या मातीचा वास येत होता.

"काठ," ती म्हणाली. "काठ घराच्या पुढे आहे, काकू."

६

जेवताना तिनं दोघांना सगळं सांगितलं. खोपटाजवळची माती, चार पावलं, तेविसावी झेंडी. रोसामेलनं चमचा खाली ठेवला.

"म्हणजे तू आम्हाला दया दाखवलीस."

"हो."

"दया दाखवलेली होडी मी कधी पाण्यात सोडली नाही," तो म्हणाला. चमचा उचलून तो पुन्हा कालवण खायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे मी चाळीस वर्षं दलदलीत राहतोय."

"नाही. चाळीस वर्षं कोरड्यात राहिलात. आता दलदलीत आहात. कसं ते मला विचारू नका. नकाशात मी घर पाण्यात दाखवणार आहे, कारण ते पाण्यात आहे."

"तिला सांग ना," ओतिलिया नवऱ्याला म्हणाली. "तुझ्या मनात काय आहे ते."

"काय आहे माझ्या मनात?"

"मघाशी बाहेर ओंडके मोजत होतास."

रोसामेलनं भाकरीनं ताटली पुसली. "छत्तीस आहेत," तो म्हणाला. "घर त्यावर नुसतं बसलंय. मुळं फुटलेली नाहीत."

मार्चच्या पहिल्या रविवारी घर ओढून न्यायला तारावेकोत दहा बैलजोड्या आल्या. बहिणीच्या जमिनीवर, दोनशे मीटर वर, खडकाळ चढावर जागा करून ठेवली होती. रोसामेलनं घराखाली लांब ओंडके सरकवले, दोर बांधले, आणि माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहिली. घर पहिल्यांदा हललं तेव्हा ते करकरलं, आणि ते ऐकून म्हातारा रडला. पण लगेच तो ओरडून सूचना द्यायला लागला. कुणाचा दोर सैल होता, कुणाचा बैल आळशी होता, त्यानं सगळ्यांचा उद्धार केला. ओतिलिया घरातच बसून राहिली होती. उतरणार नाही म्हणाली. चुलीतली आग विझवलेली होती, पण ती खुर्ची धरून खिडकीत बसली आणि चढावर येईपर्यंत बाहेर बघत होती. चर युलिसेसनं आधीच बुजवला होता, एकतिसावी झेंडी होती तिथेच ठेवून. त्याला कुणी ते सांगितलं नव्हतं.

तीनच्या सुमारास घर वर टेकलं. मग वर मोठी शेगडी पेटली, शिंपले, डुकराचं मांस आणि बटाटे वाफेला लागले, कुणीतरी अकॉर्डियन काढलं. रोसामेल नेलिदाजवळ आला, तिच्या हातात त्यानं भरलेली ताटली दिली आणि बैलांकडे परत गेला. त्याच्याकडून तेवढंच येणार होतं. तिला ते पुरलं.

खाऊन झाल्यावर ती एकटी खाली गेली. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. घर होतं तिथे आता लांबटगोल हिरवी जागा होती, शेवाळानं भरलेली, मध्ये छत्तीस खुणा. पाणी हळूहळू त्यांत उतरत होतं. झेंड्यांची ओळ त्या जागेतून सरळ पलीकडे गेली होती आणि रस्त्याच्या कडेपर्यंत पोचली होती.

रस्त्यापलीकडे शेजाऱ्याचं बटाट्याचं शेत होतं. शेताच्या बांधावर कुणीतरी वाकलेलं होतं. टोपी, बूट, कमरेतून फार वाकलेली पाठ. अंतर शंभर पावलांचं असेल.

नेलिदानं हाक मारली नाही. तिला पळावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त त्या शेतातली माती बघावीशी वाटत होती. ती गाडीपाशी गेली आणि गिरमिट घेऊन आली. रस्ता ओलांडून ती बांधाजवळच्या पहिल्या झेंडीशी थांबली, पाय फाकवून उभी राहिली आणि अंग टाकून तिनं दांडा फिरवला. वर आलेली माती तळहातावर फोडली. राखाडी.

तिनं मान वर केली. पुढे वाकलेल्या त्या बाईनं काम थांबवलं होतं. तशीच पाठमोरी, गिरमिटाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ती नेलिदाचं होईपर्यंत थांबली होती.

नेलिदानं वहीत आकडा लिहिला. मग ती पुढे निघाली, आणि ती निघाल्यावर पुढची बाईही निघाली.